डावीकडे बघून उजवीकडे

"जगाचा इतिहास म्हणजे दुसरं तिसरं काही न्हाई. ज्यास्नी नेमकं फेकता आलं त्यांनी राज्यं केली, आन् ज्यास्नी आलं न्हाई ते झेलत बसले."

येसबा वस्तादांनी हे वाक्य म्हटलं, समोरच्या पंधरा-वीस जणांवरून नजर फिरवली, आणि अडकित्त्यानं नुकतंच कातरलेलं सुपारीचं खांड लांबूनच तोंडाकडे भिरकावलं. ते मिशीवर आपटलं आणि सदऱ्याच्या गळ्यातून आत गेलं. सुपारी सापडेपर्यंत बैठक तहकूब झाली.

बैठक माझ्याविषयी होती. चिंचेखालच्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर म्हणून मला उभं करायचं की नाही, एवढाच विषय होता. पण कोल्हापुरात एवढाच विषय असा नसतो. आमच्याकडे फुटबॉल संघ तालमींचे असतात आणि तालमी कुस्तीच्या असतात. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही अशी भरदार माणसं फुटबॉलचे निर्णय घेतात, आणि ते कुणी मोडत नाही. वस्तादांच्या मते फुटबॉल म्हणजे बावीस जणांनी मिळून बिघडवलेली कुस्ती होती. तरीही दरवर्षी तांबट ढालीच्या सामन्याला ते फेटा बांधून सर्वांत पुढे बसत. ही ढाल म्हणजे आम्ही आणि तळ्यावरची तालीम यांच्यातला वर्षातून एकदा होणारा एकच सामना. सात वर्षं ढाल तळ्यावर होती. आमच्या तालमीतला तिचा खिळा तेवढा भिंतीत शिल्लक होता, आणि वस्ताद सकाळी मारुतीला हात जोडले की त्या खिळ्याकडेही एकदा बघत.

आमचा जुना गोलकीपर दौलू तात्या. वय अडतीस, फेक अशी की बघत राहावं. पण गुडघा गेला होता. खाली वाकला की त्याला उठवायला दोन बॅक लागत. त्याच्यामागे मी. मला चेंडू अडवता येई. उडी, पकड, सगळं ठीक. पण चेंडू हातात आल्यावर तो आपल्या माणसाला फेकायचा असतो, आणि इथं सगळं ओमफस व्हायचं. त्या वर्षी मी तीन लहान सामने खेळलो होतो. अकरा वेळा चेंडू हातानं फेकला. नऊ वेळा तो समोरच्या संघाला मिळाला, एकदा पंचाला आणि एकदा शेंगदाणेवाल्याला.

याचं कारण आमची कौलांची वखार. माझे वडील, आप्पा, मंगलोरी कौलांचा व्यापार करत. ट्रकमधून कौलं उतरवताना माणसांची साखळी लागते. डावीकडच्यानं तुमच्याकडे कौल टाकायचं, तुम्ही ते झेलून उजवीकडच्याकडे टाकायचं. टाकताना उजवीकडे बघायचं नाही. तोवर डावीकडून दुसरं निघालेलं असतं, डोळे त्याच्यावर हवेत. आप्पा सांगायचे, "उजवीकडचा माणूस तिथं असतोयच. त्याच्याकडं बघायचं कारण न्हाई." मी सातव्या वर्षापासून त्या साखळीत उभा होतो. त्यामुळे चेंडू हातात आला की मी डावीकडे बघायचो, चेंडू कमरेशी घ्यायचो आणि दोन्ही हातांनी एक झोका देऊन उजवीकडे सोडायचो. आमची पोरं माझ्या डोळ्यांकडे बघून डावीकडे पळायची. चेंडू उजवीकडे एकटाच जायचा. त्यावरून तालमीत माझं वसंत निकम हे नाव कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. सगळे कौल्या म्हणत.

सुपारी सापडल्यावर वस्तादांनी निकाल दिला. ढालीला सहा आठवडे आहेत. तेवढ्यात फेक बसली तर कौल्या, नाही तर दौलू तात्या, गुडघ्यासकट.

दौलू तात्या कोपऱ्यात गुडघ्याला फडकं बांधत बसला होता. तो एवढंच म्हणाला, "पोरगं अडवतंय चांगलं, वस्ताद. माझं काय, मी बसून बघीन."

माझ्या दृष्टीनं हा प्रश्न फेकीचा नव्हता. आप्पांनी मला वर्षभर बजावलं होतं की चोविसाव्या वर्षी माणूस चेंडूमागे पळत असेल तर त्याचं डोकं तपासायला हवं. शेवटी एक दिवस जेवताना ते म्हणाले की ढालीच्या सामन्याला पहिल्या अकरांत तुझं नाव आलं, तर पुढं खेळाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. नाही आलं, तर सोमवारपासून वखारीत बसायचं, कायमचं. आप्पा एकदा बोलले की ते सरकारी ठरावासारखं असायचं. आणि मला वखारीत बसायचं नव्हतं. कौलांचं दुःख असं की ती विकली गेली तरी दुसरी तशीच येतात.

बैठक संपल्यावर आमचा कॅप्टन निवास संकपाळ मला बाहेर चिंचेखाली घेऊन गेला. निवास उद्यमनगरात लेथवर होता. कमी बोलायचा, आणि बोलला तर मापानं.

"तू आता काय करणार हायस?" त्यानं विचारलं.

"फेक सुधारणार."

"काय करू नकोस. सहा आठवडं गप घरात बस. वखारीत काम कर."

"म्हंजे?"

"म्हंजे काय करू नकोस."

याचा अर्थ मला कळला. म्हणजे मला वाटलं की कळला. त्यांनी दौलू तात्याला घ्यायचं ठरवलं होतं आणि मी मध्ये लुडबुड करू नये, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी त्याच संध्याकाळी गद्रे सरांकडे गेलो.

गद्रे सर म्हणजे माझ्या शाळेतले ड्रिलमास्तर. निवृत्त झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यात असे. त्यांच्याकडे एक जाड सचित्र परदेशी पुस्तक होतं, आणि त्यात माणसानं काहीही फेकण्याची शास्त्रोक्त पद्धत दिली होती. त्यांनी मला अंगणात चेंडू फेकायला लावला. चेंडू शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनावर गेला. सरांनी पुस्तक मिटलं.

"निकम," ते म्हणाले, "तुम्ही फेकता ते मी पाहिलं. आता ते आपण विसरू या. मीही विसरतो."

रोज सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर आमचं शास्त्र सुरू झालं. आधी डोळे, मग डावा खांदा, मग उजवा कोपर, मग मनगट. जिकडे डोळे तिकडे खांदा, जिकडे खांदा तिकडे चेंडू. सर कोपराखाली फूटपट्टी धरून बसत. पहिले दोन आठवडे मी चेंडूला हातही लावला नाही, नुसता रिकामा हात हवेत फेकत होतो. मैदानावरून दूध घेऊन जाणारी माणसं थांबून बघायची आणि सरांची चौकशी करायची. तिसऱ्या आठवड्यात चेंडू मिळाला. चौथ्यात तो मी बघत होतो त्या दिशेला गेला. सरांनी त्या दिवशी शिट्टी वाजवली.

याचा बोभाटा होऊ द्यायचा नाही, हे माझं ठरलेलं होतं. एकदम सामन्यातच दाखवायचं. घरी मी पळायला जातो, एवढंच सांगितलं होतं.

इकडे संध्याकाळी संघाचा सराव बंद झाला. म्हणजे माझ्यापुरता. मी मैदानावर गेलो की कुणी नसायचं. निवासला विचारलं तर एकदा म्हणाला, गावात कावीळ आहे. एकदा म्हणाला, जाळी उंदरांनी खाल्ली. एकदा नुसता "आज अवस आहे" म्हणाला, तेव्हा पंचमी होती. पण आमचा राइट आउट सलीम बागवान सायकलवरून जाताना दिसे, तेव्हा त्याचे गुडघे ताज्या मातीनं लाल असत. मी कुठून आलास विचारलं की तो म्हणायचा, "पडलो." सहा आठवडे सलीम रोज पडत होता.

मी समजायचं ते समजलो. दौलू तात्याला घेऊन कुठंतरी सराव चालू होता. मी संध्याकाळी वखारीत बसायचो आणि गिऱ्हाइकांना कौलांचे प्रकार सांगायचो. एक बरं होतं, त्या वेळी आप्पा समोर नसायचे. ते रोज संध्याकाळी पाचला गादीवरून उठत आणि म्हणत, "मालधक्क्यावर वॅगन आली का बघून येतो." सातला परत येत. वॅगन आलेली नसे. इतका उशीर कधी होत नसतो, हे मला माहीत होतं, पण मी विचारलं नाही. बाप समोर नसण्याची कारणं पोरगा विचारत नाही.

त्याच सुमारास आप्पांचा खांदा धरला. घरात महानारायण तेलाचा वास येऊ लागला. रात्रीचा घास उचलताना त्यांचा हात अर्ध्यावर थांबायचा. आई म्हणाली, पोराचा अर्धा जीव सकाळी मैदानात असतो, कौलं यांनाच उचलावी लागतात. मला वाईट वाटलं. पण एवढं वाईट नाही की सकाळी सहाला उठायचं थांबवीन.

सामन्याच्या आदल्या दिवशी तालमीच्या दारातल्या फळ्यावर वस्तादांनी स्वतः खडूनं अकरा नावं लिहिली. वस्तादांना लिहायला वेळ लागे. मी गर्दीत मागे उभा होतो. पहिलंच नाव गोलकीपरचं. 'व' आला. मग बराच वेळ काही आलं नाही, कारण खडू मोडला. मग 'संत' आला.

मी निवासकडे बघितलं. तो वस्तादांना हळूच म्हणत होता, "फेक बसलीया, वस्ताद. काळजी नको."

म्हणजे बातमी फुटली होती. गद्रे सरांनी कुणाला तरी सांगितलं असणार. मला त्यांचा राग आला नाही. दौलू तात्यानं पुढे येऊन स्वतःचे हातमोजे माझ्या हातात दिले आणि एक पाय ओढत निघून गेला. ते मोजे मला मोठे होत होते.

घरी सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "बरं." ठरल्याप्रमाणे खेळाबद्दल ते त्यांचं शेवटचं अक्षर होतं. खरं म्हणजे दोन अक्षरं होती.

सामन्याच्या दिवशी मैदान चारला भरलं. वस्ताद फेटा बांधून पुढे, त्यांच्या मांडीवर ढाल गुंडाळायला आणलेली नवी चादर. गद्रे सर शिट्टीसह तिसऱ्या रांगेत. आप्पा कुठं दिसले नाहीत, आणि ते येतील असं मला वाटलंही नव्हतं.

निवासनं मला गोलपाशी गाठलं.

"नीट ऐक. पहिल्यापासनं नुसती लाथ मारायची. हातानं फेकायचं न्हाई. दुसऱ्या हाफात मी डोकं खाजवीन. तवा फेक. तोवर त्यास्नी कळता कामा नये."

"कळणार न्हाई," मी म्हणालो.

"आन् नवीन काय करू नकोस. हाय तसं फेक."

मला हसू आलं. बातमी कळूनही याचा विश्वास बसत नव्हता. म्हटलं, बघशील.

पहिला हाफ शून्य-शून्य. मी चार वेळा चेंडू अडवला, एकदा तोंडानं. वस्तादांनी मध्यंतरात येऊन माझं तोंड तपासलं आणि "दात हायत" असं जाहीर केलं. दुसऱ्या हाफात तळ्यावरच्यांनी जोर केला. आमचे बॅक थकले. शेवटची सात-आठ मिनिटं उरली असतील. त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं मारलेला चेंडू मी छातीवर घेतला, उठून उभा राहिलो, आणि मैदानाच्या मध्यावर निवास संकपाळ डोकं खाजवत होता. दोन्ही हातांनी खाजवत होता. चूक व्हायला नको म्हणून.

मी पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंत पुढे आलो. डोळे डावीकडे. तिथं आमचा लेफ्ट आउट असायला हवा. डावा खांदा त्याच दिशेला. कोपर वर, फूटपट्टीच्या उंचीवर. आणि तेवढ्यात मला दिसलं की आमची सगळी पोरं, लेफ्ट आउटसुद्धा, उजवीकडे पळत सुटली आहेत. मागे वळून न बघता. सलीम सर्वांत पुढे, रिकाम्या जागेत, हात वर करून. ट्रकवरून कौलं उतरवताना पुढचा माणूस जसा उभा असतो, तसा नेमक्या ठिकाणी.

पण शास्त्रोक्त फेकीचं असं आहे की ती एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही. चेंडू माझ्या हातातून सुटला. त्याची कमान अशी होती की आजवर मी तशी पुन्हा बघितली नाही. तो मी बघत होतो तिथेच गेला. तिथं पांडबा घाटगे उभा होता. पांडबा तळ्यावरच्यांचा बॅक. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून तो डावीकडे धावला होता. चेंडू त्याच्या छातीवर अलगद उतरला. त्यानं आधी पंचाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपल्याला हा खरंच दिला आहे का, असं त्याच्या तोंडावर होतं. मग माझ्यामागे गोल रिकामा आहे हे त्याच्या लक्षात आलं. पांडबानं आयुष्यात केलेला तो एकमेव गोल.

आमच्या बाजूला तिसऱ्या रांगेत गद्रे सर एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सामना संपल्यावर वस्तादांनी नवी चादर घडी करून काखेत घातली. माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता हात उचलतील. ते म्हणाले, "फेक मातूर झकास," आणि गेले.

निवास माझ्याबरोबर तालमीपर्यंत चालत आला. चिंचेखाली थांबला. बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत होता.

"कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. सहा आठवडे, रोज सकाळी, फूटपट्टी.

त्यानं डोक्याला हात लावला. या खेपेला खुणेसाठी नव्हता.

"लेका, तुला म्हटलं होतं काय करू नकोस. एका माणसाची खोड काढण्यापरास दहा जणास्नी ती लावणं सोपं, असं मी म्हणलो. रोज सरावाला तेच केलं. तू डावीकडं बघणार, तळ्यावरचे डावीकडं पळणार, आमी उजवीकडं. सलीमचं गुडघं फुटलं पळून पळून."

"मग मला का सांगितलं न्हाई?"

"सांगू नका म्हणाले."

"कोण?"

निवास नाड्यांची गाठ सोडवत राहिला.

"आमास्नी सरावाला तुझ्यासारखं फेकणारा कोणतरी पायजे होता. दौलू तात्याला जमंना. तो लई सरळ फेकतोय. मग मी वखारीत गेलो, तुझ्या आप्पास्नी विचाराय, की हे पोरगं असं का फेकतंय. ते म्हणाले, चेंडू आण. मालधक्क्यामागच्या मोकळ्या रानात यायचे रोज. दोन-दोन तास. कमरेपासनं झोका, डोळं डावीकडं. हुबेहूब. शंभर-शंभर वेळा. आन् म्हणाले, त्याला काय बोलू नका. विचार करून फेकलं की कौल फुटतंय."

मी घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आप्पा पडवीत खाटेवर बसले होते, सदरा काढून, पाठ माझ्याकडे करून. त्यांना निकाल कळलेला होता. अख्ख्या गावाला कळलेला होता. पायरीवर त्यांच्या वहाणा होत्या आणि त्यांना मैदानावरची लाल माती ताजी लागलेली होती.

मी उभा राहिलो. "आप्पा," एवढंच म्हणालो.

त्यांनी वळून बघितलं नाही. खेळाबद्दल बोलायचं नाही असं ते म्हणाले होते आणि बोलले नाहीत. खाटेखाली हात घालून त्यांनी तेलाची बाटली काढली आणि खांद्यावरून मागे, न बघताच, माझ्याकडे टाकली. ती माझ्या हातात आली.

"जरा खांदा चोळ," ते म्हणाले. "उजवा."

मी तेल ओतलं आणि चोळायला लागलो. त्यांच्याकडे बघवेना म्हणून भिंतीकडे बघत होतो.

थोड्या वेळानं आप्पा म्हणाले, "आन् इकडं बघून चोळ. तेल कानात जातंय."